ताप आला तर: घरी काय करायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं (नागपूर आणि परिसरासाठी)

नागपुरात ताप ऋतू बघून येतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा, पाऊस लागला की मलेरियाचा, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंगी आणि स्क्रब टायफसचा (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), थंडीत फ्लूचा. म्हणून "ताप किती आहे?" हा प्रश्न एकटा पुरत नाही. तापाचा आज कितवा दिवस आहे, आणि ताप थोडा उतरल्यावर माणूस कसा दिसतो, हे दोन प्रश्न त्याच्याइतकेच महत्त्वाचे आहेत. पॅरासिटामॉलनंतर १०३ चा १०१ झाला आणि मूल खेळायला लागलं, तर बहुतेक वेळा धीर धरता येतो. आकडा १०० वर आला, पण मूल मलूल पडून आहे, नजर देत नाही, तर थांबू नका.

कोणत्या लक्षणांत एक मिनिटही वाट बघायची नाही?

पेशंट बडबडतो आहे, ओळखत नाही किंवा उठवूनही नीट जागा होत नाही. श्वास घेताना छाती-पोट आत ओढलं जातं किंवा ओठ निळसर दिसतात. मान पुढे वाकवून हनुवटी छातीला लागत नाही आणि डोकं जबर दुखतं. फिट आली आणि ५ मिनिटांत थांबली नाही. अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि पारदर्शक ग्लास दाबून धरला तरी ते फिके होत नाहीत. नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, उलटीत रक्त आहे किंवा शौच डांबरासारखी काळी होते. हातपाय गार आणि ओलसर पडले आहेत. मोठ्या माणसाला ८ तासांत लघवी झालेली नाही. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आधी गोळी देऊन "बघू उतरतो का" असं करू नका.

नेमका किती आकडा म्हणजे ताप?

तोंडात १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त. काखेत लावलं तर आकडा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइटने कमी येतो, म्हणून काखेत ९९.५ च्या वर गेला तर ताप धरायचा. डॉक्टरांना सांगताना मात्र मनाने अंश मिळवू नका, "काखेत १०१" असं जसंच्या तसं सांगा. संध्याकाळी निरोगी माणसाचं अंगही सकाळपेक्षा थोडं गरम असतं. सकाळी ९७.५ आणि संध्याकाळी ९८.८ हा ताप नव्हे.

हात लावून "चटका बसतोय" एवढ्यावर गोळी देऊ नका. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतंच, आणि थंडी वाजत असलेल्याचे हातपाय गार असताना आतला ताप १०३ असू शकतो.

थर्मामीटर लावूनही दर वेळी वेगळा आकडा का येतो?

बहुतेक वेळा लावण्यातच चूक असते. काखेतला घाम आधी कोरड्या कपड्याने पुसा. टोक काखेच्या खोलगट भागात कातडीला टेकलं पाहिजे, बनियनच्या कापडाला नाही. दंड छातीशी घट्ट दाबून ठेवा. डिजिटल असेल तर बीप होईपर्यंत हात हलवायचा नाही, मग आकडा वाचायचा. काचेचं असेल तर आधी झटकून पारा ९५ च्या खाली आणा आणि काखेत पुरती ५ मिनिटं ठेवा. तोंडात लावायचं तर चहा किंवा गार पाणी घेतल्यावर २० मिनिटं थांबा.

कपाळावर धरायची गन सोयीची आहे, पण आपल्या उन्हाळ्यात ती फसवते. बाहेरून आलेल्याला १५ मिनिटं सावलीत बसवा, घाम पुसा, मग मोजा. गनचा आकडा शंकास्पद वाटला तर काखेतला आकडा खरा धरा. काचेचं थर्मामीटर फुटलं तर पारा झाडूने लोटू नका, हातही लावू नका. खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

तापाची गोळी कधी आणि किती द्यायची?

पॅरासिटामॉल हे आकडा खाली आणण्यासाठी नसतं, माणसाला आराम पडावा म्हणून असतं. १०१ ताप असून मूल पाणी पितंय, खेळतंय, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. अंग ठणकतंय, झोप लागत नाही, पाणी जात नाही, तेव्हा द्या.

मोठ्यांना एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तासांचं अंतर. दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं. ४ ग्रॅम ही हद्द आहे आणि ती कोणत्याही कारणाने ओलांडायची नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी असं समजून दोन्ही घेतल्या की नकळत दुप्पट डोस पोटात जातो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

मुलांना डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा. सर्वांत मोठा घोळ बाटल्यांचा होतो. १२ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम हवं. ५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ते ६ मिलिच्या थोडं वर होतं, ५ मिलिमध्ये २५० असलेलं असेल तर ३ मिलि, आणि १ मिलिमध्ये १०० असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिलि. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचाभर दिली तर एका दमात ५०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे हव्या त्याच्या तिपटीहून जास्त. घरातला चमचा वापरू नका. बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

औषधाचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो. ताप १०३ वरून १०१ वर आला म्हणजे औषध लागू पडलं, ९८ वर यायला हवा असं नाही. चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढला तर औषध फुकट गेलं असं समजू नका. आजार अजून अंगात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घरात ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, मेफ्टाल आहे. ते चालेल?

जुलै ते नोव्हेंबर या काळात तापाचं कारण कळेपर्यंत नको. डेंगी असेल तर आयब्युप्रोफेन (ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम), डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड (मेफ्टाल) आणि ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मुलांना आणि किशोरवयीनांना तापात ॲस्पिरिन देऊच नये, त्याने रे सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. जुन्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं असलं तरी देऊ नका. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती गोळी स्वतःहून बंद करू नये. ताप आल्याच्या दिवशीच डॉक्टरांना विचारावं.

थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात का? अंगावर घोंगडी टाकावी का?

थंडी वाजत असताना पांघरूण द्या, थंडी थांबली की काढा. जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून घाम काढल्याने आजार जात नाही, उलट लहान मुलांचा ताप वाढतो. पंखा किंवा कूलर मंद चालू ठेवायला हरकत नाही. पट्ट्या कोमट किंवा साध्या पाण्याच्या, गोळी दिल्यावर, आणि पेशंटला बरं वाटत असेल तरच. बर्फाच्या पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आतच राहते. स्पिरिट तर मुळीच नको, मुलांच्या कातडीतून ते अंगात जातं. कोमट पाण्याने अंघोळ चालते.

तापात काय खावं?

पाणी महत्त्वाचं, अन्न दुय्यम. मोठ्या माणसाने दिवसाला दोन-अडीच लिटर द्रव घ्यावं: पाणी, ताक, वरणाचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी, ओआरएस. हृदय किंवा किडनीच्या पेशंटने किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. भूक लागेल तेव्हा मऊ खिचडी, वरण-भात, इडली. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकदाच घोळायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं आहे का बघा. गोड टेट्रापॅक पेयं ओआरएस नव्हेत. बाळाचं अंगावरचं दूध कधीच बंद करू नका.

लहान बाळाला ताप आला तर?

३ महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४: त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल. बाळ वरवर बरं दिसत असलं तरीही. या वयात रक्तातल्या जंतुसंसर्गाची दुसरी खूण अनेकदा दिसतच नाही. घरी औषध देऊन ताप झाकू नका. ३ ते ६ महिन्यांत १०२ च्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवा.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. दात येताना अंग थोडं कोमट होतं, पण १०२ चा ताप दातांमुळे येत नाही.

तापात मुलाला झटका आला. तोंडात चमचा घालावा का?

नाही. तोंडात काहीही घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. मुलाला कुशीवर वळवा म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, घड्याळ बघा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत तापाचे झटके बऱ्यापैकी दिसतात. साधा झटका काही मिनिटांत थांबतो आणि त्याने मेंदूला इजा होत नाही. तरी पहिल्या झटक्यानंतर मूल डॉक्टरांना दाखवायचंच. झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला, दिवसात दुसरा आला, किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसेल तर लगेच १०८.

याच ठिकाणी चांदीपुरा विषाणू लक्षात ठेवा. १९६५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो नागपूरजवळच्या चांदीपुरा गावच्या पेशंटांत, म्हणून त्याला हे नाव. वाळूमाशी चावल्याने पसरतो, १५ वर्षांखालच्या मुलांना होतो. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी हा सगळा प्रवास एक-दोन दिवसांत होतो. पावसाळ्यात खेड्यातल्या मुलाला ताप आणि झटके एकत्र आले, तर "तापाचा झटका असेल" म्हणून सकाळची वाट बघू नका.

घरात सिकलसेलचा पेशंट आहे. त्याच्यासाठी काही वेगळं?

हो, आणि विदर्भात हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरतात. अशा मुलाला १०१ ताप आला की ती इमर्जन्सी. त्याच दिवशी हॉस्पिटल, रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक. "एसएस" पॅटर्नचं, म्हणजे सिकलसेल आजार असल्याचं, कार्ड सोबत न्या आणि दारातच सांगा. तापासोबत छातीत दुखणं, धाप, डोळे एकदम पांढरे पडणं किंवा पोटाची डावी बाजू फुगणं दिसलं तर अजिबात वेळ घालवू नका. फक्त वाहक असलेल्यांना, म्हणजे "एएस" पॅटर्न असलेल्यांना, हा धोका नसतो.

डेंगीत सर्वांत धोक्याचा काळ कोणता?

ताप उतरतो तो. हीच गोष्ट लोकांना पटत नाही आणि इथेच जीव जातात.

ताप पहिल्यांदा आला तो दिवस पहिला धरा आणि कागदावर लिहून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस ताप चढा असतो, डोळ्यांमागे आणि कंबरेत दुखतं, अंग मोडून येतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमकं त्याच २४ ते ४८ तासांत काही पेशंटांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात आणि छातीत साचतं. रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. म्हणून ताप उतरल्यावर दोन दिवस जास्त लक्ष द्या. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, प्रचंड थकवा किंवा अस्वस्थता, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी कमी होणं: यातलं एक दिसलं तरी भरती व्हायची तयारी ठेवूनच जा.

तपासणीचाही दिवस असतो. एनएस१ (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या ५ दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी शोधणारी) पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्याच दिवशी आयजीएम काढून "निगेटिव्ह आली, डेंगी नाही" असं म्हणणं चूक आहे.

प्लेटलेट ८०,००० झाल्या. चढवाव्या लागतील?

नुसत्या आकड्यावरून नाही. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावरच त्याचा विचार होतो. डॉक्टर प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, बघतात. प्लेटलेट कमी आणि हिमॅटोक्रिट चढतं, म्हणजे पाणी झिरपतंय. त्यावर उपाय मोजून दिलेलं सलाईन. कधीकधी नमुन्यात प्लेटलेटचे गुच्छ झाल्याने मशीन आकडा फारच कमी दाखवतं. पेशंट ठीक असेल तर स्लाइड बघून खात्री करायला सांगा. पपईच्या पानांच्या रसाने झिरपणं थांबत नाही, आणि उलट्या होत असलेल्याला तो कडू रस पाजला की पोटातलं पाणीही बाहेर येतं.

स्क्रब टायफस कसा ओळखायचा?

अंग तपासून. गवतातल्या बारीक किड्याच्या, चिगर माइटच्या, पिल्लांच्या चाव्याने तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच पेशंट सापडले होते. चावा दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून कोणी सांगत नाही. काख, जांघ, कंबरेचा पट्टा, स्तनांखाली, कानामागे, गुप्तांगाजवळ बघा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लालसर कडा. ती सापडली तर निदान जवळपास झालंच. पण सावळ्या त्वचेवर ती सुटते आणि काहींना नसतेच, म्हणून खपली नाही यावरून आजार नाही असं ठरवू नका.

शेतात काम, गवत कापणं, गुरांमागे जाणं यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत आलेला आणि ५ दिवसांत न उतरलेला ताप असेल तर डॉक्टरांना स्वतःहून "शेतात होतो" हे सांगा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर आजार फुप्फुस, किडनी आणि मेंदूपर्यंत जातो.

थंडी वाजून ताप येतो. मलेरियाच ना?

असेलच असं नाही, लघवीच्या संसर्गातही हुडहुडी भरते. पण गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटच्या जंगलपट्ट्यातून गेल्या महिन्याभरात आला असाल तर त्याच दिवशी रक्त तपासा. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार एक-दोन दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला तर पुन्हा करा.

मे महिन्यात उन्हातून आल्यावर १०५ ताप. गोळी द्यावी?

नाही. उष्माघातात पॅरासिटामॉल काम करत नाही. साध्या तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेतो आणि गोळी तिथे काम करते. उष्माघातात शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. १०४ च्या वर अंग आणि सोबत बडबड, तोल जाणं, झटका किंवा बेशुद्धी, म्हणजे उष्माघात. घाम असला तरी.

१०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थंड करायला सुरुवात करा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. इथे गार पाणी हाच उपचार आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पन्हं किंवा पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

विडाल पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉइड?

विडाल ही टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ततपासणी, पण एकट्या तिच्यावर ठरत नाही. जुना संसर्ग, लस किंवा दुसरा ताप यांनीही ती पॉझिटिव्ह दिसते, आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह येते. खात्रीची तपासणी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), आणि तीही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. दुकानातून दोन दिवस गोळ्या खाऊन मग कल्चर केलं की जंतू सापडत नाही आणि निदान लटकतं.

मुलाला तापासोबत खोकला आहे. दुकानातून सिरप आणू?

नको. २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी सिरपमुळे किडनी निकामी होऊन मुलं दगावली, त्यातली अनेक उपचारासाठी नागपुरात आणली होती. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत अशी सूचना काढली. कोणतंही औषध सुरू केल्यावर मुलाची लघवी कमी झाली तर औषध थांबवा, बाटली सोबत घ्या आणि हॉस्पिटल गाठा. १ वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो, त्याखाली मध नको.

बाकी ठीक असेल तर किती दिवस थांबायचं?

मोठ्यांनी ३ दिवस, मुलांनी २ दिवस. डेंगी-मलेरियाच्या हंगामात दुसऱ्या दिवशीच दाखवलेलं बरं. गरोदर बाई, डायबेटीस किंवा किडनीचा पेशंट, स्टेरॉइड घेणारा, बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर त्याच दिवशी. केमोथेरपी चालू असेल आणि १००.४ झाला तर त्याच तासाला. म्हाताऱ्या माणसांना गंभीर संसर्गातही ताप कमीच दिसतो. आजोबा अचानक गोंधळले, जेवण सोडलं, अंथरुणातून उठेनात, तर थर्मामीटर ९९ दाखवत असलं तरी न्या. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असं दोन आठवडे चाललं असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं आणि कुठे जायचं?

एका कागदावर तापाचा पहिला दिवस, रोजचे आकडे वेळेसह, कोणती गोळी कधी दिली, लघवी किती वेळा. गेल्या महिन्यातला प्रवास, शेतकाम, घरात किंवा मोहल्ल्यात आणखी कोणाला ताप. चालू औषधांची पाकिटंच पिशवीत टाका, "पांढरी गोळी" म्हणून कळत नाही. "सुई द्या, सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. तोंडाने पाणी जात असेल तर सलाईनने ताप लवकर उतरत नाही, आणि विषाणूच्या तापात अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

साध्या तापाला महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर पुरेत. वर दिलेली धोक्याची लक्षणं असतील तर मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मेयो हॉस्पिटल किंवा मिहानचं एम्स, जे जवळ असेल ते.

घरात एकाला डेंगी झाली. बाकीच्यांसाठी काय करायचं?

पेशंटला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास पुढच्या काही दिवसांत घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि हा डास दिवसाच चावतो. मग कूलर उघडा. नुसतं पाणी ओतून दिल्याने काम होत नाही, कारण एडिसची (डेंगीच्या डासाची) मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, आतल्या भिंती घासणीने रगडून धुवा, उन्हात वाळवा आणि मगच भरा. दिवाळीनंतर कूलर गच्चीवर टाकताना टाकी पुसून उलटी ठेवा आणि जुनं वूडवूल काढून टाका. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि छतावरचं जुनं टायर यांनाही तोच नियम.